उजव्या हातावरची तुळस

शहरात मशीननं टॅटू काढणारे आणि भुवया, जिभा टोचून देणारे पहिले म्हणजे आमचे सर. औरंगपुऱ्यात एका मोबाइलच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. मी तिथं काउंटरवर बसायचे. गोव्यात शिकलो, असं ते सगळ्यांना सांगत. खरं तर ते शिकले आपल्या आईच्या डाव्या हातावर. ती जत्रांतून, वस्त्यांवरून गोंदत फिरलेली बाई. मशीन आलं तेव्हा सरावाला कुणी अंग देईना, म्हणून तिनं हात पुढं केला. मनगटापासून खांद्यापर्यंत अर्धे विंचू, वाकडे क्रॉस, डोळा नसलेला वाघ. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची. गिऱ्हाईक असलं की सर तिला मावशी म्हणत. लोकांना ती झाडूवाली वाटायची.

उजवा हात मात्र तिनं कधी दिला नव्हता. त्यावर तिच्या आईनं गोंदलेली तुळस होती, हिरवी, कडांना पसरलेली. आई तिच्या लहानपणीच गेली. मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. वर गेल्यावर माय त्यावरून आपल्याला ओळखणार, असं तिनं एकदा मला डबा उघडता उघडता सांगितलं. सांगून झाल्यावर लाजली.

एका वर्षी दुष्काळात वैजापूरकडची बरीच घरं मेंढरं विकून शहरात आली. पोरं नव्या सोसायट्यांत वॉचमन लागली. बायकांना मात्र हातावरचं गोंदण बघून कुणी स्वयंपाकाला ठेवत नसे. मग सुना सासूला घेऊन जिन्यापर्यंत यायच्या, हे झाकून मिळतं का विचारायच्या आणि विश्वास न बसून परत जायच्या. त्यांची खात्री पटावी म्हणून सरांना भिंतीवर लावायला आधीचा आणि नंतरचा असा जोडफोटो हवा होता.

तुळस फिकी पडलीय, ठळक करून देतो, असं त्यांनी आईला सांगितलं. ती नवं लुगडं नेसून आली. संमतीपत्र इंग्रजीत होतं, मीच टाइप केलेलं. जुनं गोंदण काळ्या गुलाबाखाली पूर्ण झाकायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"पोरी, काय लिव्हलंय गं?" तिनं विचारलं.

सर तिच्या मागं उभे होते. मला मान वर करून बोलता येत नाही, हे कारण मी पुढं स्वतःला पुष्कळदा दिलं आहे.

"तेच," मी म्हणाले. "ठळक करणार आहेत."

अंगठा मीच धरून टेकवला.

दोन तास ती भिंतीकडं तोंड करून बसली. गोंदताना बघितलं की जास्त दुखतं, असं ती मानायची. सरांनी पुसून दिल्यावर तिनं हात डोळ्यांजवळ नेला.

"तुळस कुठाय रे?"

"खाली हाय की."

"मंग माय वळखंल कशी मला?"

"तिला म्हणावं, नातवानं गुलाब दिलाय."

भुवई टोचायला आलेल्या दोन मुली हसल्या. मीही हसले. मग सरांनी फोटोसाठी हात पुढं धरायला सांगितला, आणि तिनं तो जराही न हलवता धरला. त्याची तिला सवय होती.

फोटो चांगला आला. आठवड्यात गिऱ्हाइकं वाढली. एका दुपारी एक म्हातारी सुनेबरोबर वरपर्यंत आली, फोटोवर बोट फिरवत म्हणाली, "लई बेस झाकलंय. कुणाचा हात हाय, बाई?"

कोपऱ्यातल्या बाकावर सरांची आई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"एक कस्टमर होती," मी म्हणाले आणि फॉर्म पुढं केला.

सरांच्या आईनं पदर मनगटापर्यंत ओढला, आणि सरकून त्या म्हातारीला बसायला जागा करून दिली.