पडणाऱ्याकडे बघायचं नाही

उल्काताईंच्या योगवर्गात चपला हॉलबाहेर आणि तक्रारी त्याच्याही बाहेर. कसबा पेठेत, देवळामागच्या हॉलमध्ये आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी सतरंजीवर एका पायावर उभे राहायचो आणि ताई ओरडायच्या, "नजर समोर भिंतीवर! कुणी पडलं तरी बघायचं नाही. बघितलंत की तुम्हीही पडाल." होतंच तसं. वृक्षासनात शेजारी डगमगला आणि आपली नजर तिकडे गेली, की आपलाही तोल गेलाच. त्यामुळे कुणी धपकन आपटलं तरी बाकीचे आपले भिंतीवरच्या डागाकडे बघत शुंभासारखे उभे. सवयच लागली होती.

ताई पूर्वी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. नवरा लवकर गेला. मुलगा आमोद कॉम्प्युटरमध्ये गेला, वारज्याला फ्लॅट घेतला, आईला म्हणाला, चल. जातात कसल्या! "पाय आहेत तोवर माझ्या घरात," म्हणाल्या. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा, पण बाई कठड्याला हात लावेल तर शपथ. कुणाच्या हाताला धरून चालायचं नाही, एवढं एकच मागणं होतं त्यांचं देवाजवळ.

त्या वर्षांत पुण्यात आयटीचं पेव फुटलं होतं आणि मान आखडलेली तरुण पोरं पेठेतही दिसायला लागली होती. राजनंदिनी त्यातलीच. यवतमाळची, आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर, खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन राहायची, बसनं खराडीला जायची. मानेसाठी वर्गाला आली. तिला आमची सवय ठाऊक नव्हती, ती आपली सगळीकडे बघायची. एक दिवस भर वर्गात म्हणाली, "ताई, तुमचाच पाय लटपटून राहिला ना. डॉक्टरला दाखवा न एकदा."

ताई शांतपणे म्हणाल्या, "तुझं लक्ष माझ्या पायाकडे, म्हणून तुझा तोल जातो. समोर बघ."

आली मोठी शहाणी, असं आम्ही पण पुटपुटलो. पोरगी पुढच्या आठवड्यापासून यायची बंद झाली.

पण ताईंना कळलं होतं हो! बोटांना मुंग्या यायच्या, ब्लाउजचे हुक लागायचे नाहीत, कुलपात किल्ली जायची नाही. हे सगळं नंतर आमोदकडून कळलं. आणि बाईंनी उपाय काय करावा? शीर्षासन वाढवलं! जन्मभर लोकांना सांगितलं, रोज आसनं करणाऱ्याला डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. आता स्वतः कुठल्या तोंडानं चढणार? घरी दार लावून डोक्यावर उभ्या राहायच्या.

शेवटी जिन्यातच पडल्या. मानेचा मणका आतल्या मज्जारज्जूवर दाब देत होता म्हणे, कित्येक महिने. डॉक्टर आमोदवरच खेकसले, "डोक्यावर उभं राहायला कुणी सांगितलं यांना? लवकर आला असतात तर चालत्या राहिल्या असत्या." ऑपरेशन झालं. पण ते फक्त आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं परत यायचं नव्हतं. असा संताप आला मला! कुणावर काढायचा, तेही कळेना.

दिवाळीनंतर मी वारज्याला गेलो. फ्लॅट मोठा, लख्ख उजेडाचा. भिंतीला धरून चालायला स्टीलची दांडी लावलेली. ताई खुर्चीत होत्या, गळ्यात पट्टा. आमोद आत चहा टाकत होता.

"या श्रीनिवासराव. वर्ग चालू आहे ना?"

"चालू आहे," मी खोटं बोललो. हॉलला कुलूप लागून दोन महिने झाले होते.

"बसा, मी पाणी आणते," म्हणाल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत दांडी धरून उठल्या. एक पाय उचलला. दुसरा कापायला लागला. मी पुढे व्हायला हवं होतं. पण माझी नजर आपोआप समोरच्या भिंतीवर गेली. तिथे कालनिर्णय लटकत होतं. मी त्याच्याकडे बघत ताठ उभा राहिलो.

खुर्ची करकरली. ताई परत खाली बसल्या होत्या. बराच वेळ त्यांच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

"आता बघितलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या. "आता माझ्यामुळे कोण पडतंय?"

मी मान वळवली. त्या रडत होत्या.