मामाजींचा पुठ्ठा

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी गाडीखाली पुठ्ठा अंथरत आणि मगच बेल वाजवत. भिवापूरला माझ्या माहेरी मला बघायला आले तेव्हाही बाकीची मंडळी घरात शिरली आणि हे अंगणात वाकून पुठ्ठा सरळ करत बसले. आईला वाटलं, नागपूर शहरातली काही रीत असावी. रीत कसली! त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून तेल गळायचं, आणि लग्नानंतर ते पुसणं माझ्या नशिबी आलं.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तसंच म्हणत असे. सासूबाई गेल्यावर ती गाडीच त्यांची सोबत होती. आम्ही पोर्चमध्ये पांढऱ्या टाइल्स बसवल्या आणि माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं, "बाबा, दसऱ्यापर्यंत गळणं थांबलं नाही तर गाडी भंगारात." मामाजी जेवत होते. त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली आणि उठले.

शहाण्या माणसाने गाडी मेकॅनिककडे नेली असती. पण मामाजींचं शास्त्र वेगळं. "ते लोक खालचा बोल्ट कसतेत अन् मोकळे होतेत. जिथं टपकते तिथं फुटलेलं नसते, सुनबाई. तेल वरून येते. वर पाहा लागते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पोळ्या लाटताना ते माझ्या कानात आपोआप वाजायचं.

मग शोध सुरू झाला. इंजिन डिझेलने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, त्यावर पावडर फवारायची, एक चक्कर मारून यायचं आणि पावडर कुठे काळी पडली ते बघायचं. पावडर अर्थातच माझी, चांगली मोगऱ्याच्या वासाची.

"मामाजी, तो डबा मी कालच आणला होता!"

"काहून चिडून राहिली वं? इंजिनाले बी घाम येते."

वाऱ्याने तेल मागे पसरायचं आणि निदान चुकायचं. भाजी गार व्हायची. मामाजी "सापडलं!" म्हणून ओरडायचे, काहीतरी उघडून पुन्हा बसवायचे, आणि सकाळी पुठ्ठ्यावर थेंब हजर. मी अक्षरशः कपाळावर हात मारून घ्यायची.

त्याच दिवसांत त्यांचा डावा खांदा दुखू लागला. "क्लच कडक आहे," म्हणाले आणि बाम चोळत बसले. धंतोलीत जाऊन डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर म्हणे, "गळती सापडू दे, मंग जाऊ." मी भांडले, नवरा भांडला. पालथ्या घड्यावर पाणी.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा गळती खरंच सापडली. इंजिनाच्या अगदी माथ्यावर, टॅपेट कव्हरचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं होतं, आणि तेल तिथून सगळं अंग उतरून खालच्या बोल्टवरून टपकत होतं. त्यांनी पॅकिंग बदललं. दुसऱ्या दिवशी मामाजी पुठ्ठा घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात. "पाहा! कोरडा ठणठणीत!" मला हसू आलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी ते खांदा धरून पोर्चमध्ये खाली बसले. धंतोलीत नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, दुखणं खांद्याचं नव्हतंच, हृदयाचं होतं. मला रडू येण्याआधी राग आला. साऱ्या जगाला "वर पाहा" सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या खांद्याला बाम चोळत बसावं? तो राग अजून गेलेला नाही.

गाडी भंगारात गेली नाही. भंगाराचं नावही नवऱ्याने पुन्हा काढलं नाही. रविवारी तोच ती चालवतो. गेल्या महिन्यात चक्कर मारून आला आणि म्हणाला, "डावा खांदा दुखून राहिला. क्लच कडक आहे. जरा बाम दे."

मी बामाची बाटली उचलून कचऱ्यात टाकली आणि त्याला रिक्षात बसवलं. तो वाटभर मला वेडी म्हणत होता. धंतोलीत सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम होतं. येताना मेकॅनिकला घरी येऊन गाडी बघायला सांगितली. क्लच खरंच कडक होता.

म्हणजे तेवढं तरी मामाजी खरं बोलले होते.