पेटीतला लाल दिवा

मंडपवाल्यांची रंगीत दिव्यांची जुनी पेटी दुरुस्तीला आली होती. गाणं लागलं की तिचे दिवे नाचायचे. ढोलाला लाल, बासरीला निळा. दुपारी पेटी छातीशी टेकवून मी नवा माइक बसवला आणि बटण दाबलं. दुकानात चिडीचूप होतं, तरी लाल दिवा लुकलुकायला लागला. पंखा बंद केला, श्वास रोखला, तो थांबेना. मग कळलं, माइक माझ्या छातीवर होता. इतकी वर्षं हे आत अंधारात चाललंय आणि मी कधी चौकशीही केली नाही! तेवढ्यात एकदा दिवा पेटायचा राहिला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी पेटी आणखी घट्ट धरली.

दारातून बायकोनं विचारलं, "अहो, झाली का दुरुस्त?" सगळे दिवे एकदम उजळले.

"पेटी ठीक आहे," मी म्हणालो. पण ती छातीपासून बाजूला करायचा धीर होईना. लाल दिवा विझला असता.