केरबाचं लाह्यांचं मशीन

माणसानं फौजेतून काय आणावं? कुणी ट्रंक आणतो, कुणी रमची बाटली आणतो, कुणी नुसत्याच बढाया आणतो. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात केरबा मोहिते पेन्शन घेऊन परतला, तो बैलगाडीत मक्याच्या लाह्यांचं मशीन घालून. देवळालीच्या लष्करी लिलावात त्याला ते मिळालं होतं. महायुद्धाच्या काळात गोऱ्या सोल्जरांच्या सिनेमाघराबाहेर ते चालायचं म्हणे. चार चाकांवर काचेची पेटी, आत वरून टांगलेलं पितळी भांडं, भांड्याखाली शेगडी आणि बाहेरून फिरवायला दांडा. आता काचा फुटलेल्या, चाकं गंजलेली आणि भांड्यात चिमणीचं घरटं. गाव पोट धरून हसलं.

हसण्यानं थांबला तर तो केरबा कसला! मिरजेच्या भंगारबाजारातून त्यानं दुसरं आणलं, पुण्याच्या एका बंद पडलेल्या थिएटरातून तिसरं. घराचा सोपा भरून गेला. "पाव्हणा आला तर त्येला काय काचंच्या पेटीत बसवू?" बायको चंद्राबाई विचारायची. केरबा मान डोलवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

त्याची कामाची रीत मात्र बघत बसावी अशी. फौजेच्या वर्कशॉपात उमर गेलेली. नट अडला तर हातोडा उचलायचा नाही. रॉकेलची चिंधी गुंडाळायची आणि सरळ शेतावर निघून जायचं. "त्येला वेळ द्या, त्यो सुटतोय," म्हणायचा. पहिल्या मशीनचं दात्यांचं एक चाक कुठंच मिळेना, तेव्हा ऑइल इंजिनाचं जुनं चाक घेऊन त्याचा दात न् दात त्यानं कानशीनं घासून बसवला. लाकडाला चकाकी यावी म्हणून मिरजेला सतार करणाऱ्या कारागिराकडं जाऊन लाख मागून आणली. सगळं नवं केलं, पण दांड्याची मूठ बदलली नाही. कुणा परक्या माणसाच्या तळव्यानं ती एका बाजूला झिजली होती. "आपला हात मागनं आला," केरबा म्हणायचा, "आदी ज्येचा व्हता त्येची खूण पुसू न्हाई." एवढ्या एका बोलण्यासाठी त्याला सलाम ठोकावासा वाटतो.

तरी चौऱ्याहत्तर साली चंद्राबाईचा धीर सुटला. "आवं, पंचमीच्या जत्रंत ही पेटी चालवून दावा. चालली तर तिन्ही राहू द्यात. न्हाईतर तिन्ही भंगारात." केरबानं शब्द दिला. नागपंचमी म्हणजे लाह्यांचा सण, याहून चांगला दिवस त्याला दिसेना.

पंचमीला त्यानं नागोबाच्या देवळापुढं मशीन उभं केलं. पितळ असं लखलखत होतं की बाया त्यात आपलं कुंकू बघून घेत होत्या. मेढा गावाहून मागवलेला बारीक दाण्याचा मका तयार होता. जुन्या शेगडीच्या जागी बसवलेला स्टोव्ह त्यानं पंप मारून पेटवला, भांड्यात तेल ओतलं. तेवढ्यात गावातली सगळ्यांत थोरली म्हातारी, भामाबाई, पुढं आली.

"केरबा, लेकरा, आज ह्ये?"

"लाह्याच हायत की, आजी."

"लाह्या काल भाजायच्या आस्त्यात. आज कुनाच्या चुलीवर तवा चढत न्हाई, आन् तू तेल तापवाय लागलायस?"

केरबाचा चेहरा खर्रकन उतरला. पंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इतक्या पंचम्या बराकीत गेल्या आणि डोक्यात नुसतं मशीन. बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. मागून तरणी पोरं ओरडली, "लावा की केरबाकाका! लोखंडाला कसली आलीया पंचमी!"

केरबानं चंद्राबाईकडं पाहिलं. तिचा धाकटा भाऊ मानसिंग सरहद्दीवर शिपाई होता. आदल्या दिवशी त्याच्यासाठी तिनं भावाचा उपास धरला होता, आणि पंचमीचा नेम मोडला तर ते भावावर येतं, असं बाया मानतात. ओठ घट्ट मिटून पेटत्या स्टोव्हकडं बघत राहिली. केरबानं खाली वाकून चावी सोडली. हवा फुस्स करून निघून गेली, जाळ विझला. तेल परत डब्यात ओतून, लोकांच्या हसण्यातून वाट काढत त्यानं मशीन घरी ढकलत आणलं. त्याला रडू आलं होतं, पण फौजी माणूस, दाखवतो कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात मशीनला दोर बांधू लागला. चंद्राबाई बाहेर आली.

"कुठं निघाला?"

"भंगारवाल्याकडं. जत्रंत चालवून दावीन म्हनलो व्हतो. न्हाई जमलं."

"जमत व्हतं," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या भावापायी तुमी जाळ विझवलासा. मला डोळं न्हाईत व्हय? सोडा त्यो दोर."

आदल्या संध्याकाळी फेर धरताना तिनं साऱ्या बायांना आवतण देऊन ठेवलं होतं. बघता बघता अंगण भरलं. भामाबाईला पुढं पाट मिळाला. केरबानं दांडा हातात घेतला आणि फिरवत राहिला. बराच वेळ नुसतं तेल चुरचुरलं. मग एक दाणा फुटला, मागोमाग दुसरा, आणि मग झाकण वर उचलून पांढऱ्याशुभ्र लाह्या काचेत धो धो कोसळू लागल्या. पोरं नाचायला लागली. काल हसलेली माणसं ओंजळी पुढं करू लागली. तोंडात दात नसताना भामाबाईनं पदर भरून घेतला.

केरबा घामाघूम होऊन दांडा फिरवत होता. बायकोकडं बघायची त्याला अजून हिंमत होत नव्हती. चंद्राबाईनं एक लाही तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि सोप्यातल्या उरलेल्या दोन गंजक्या पेट्यांकडं बोट दाखवलं.

"आवं, त्यातली कंची आदी उघडायची?"