ईशान्येचा खड्डा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी बांधकामाचा इंजिनिअर. छावणीत छोटंसं ऑफिस आहे. कमी खर्चात पक्कं घर — याचं मला वेड होतं, त्यावर गावोगाव भाषणं ठोकायचो. सलग पाया खोदायचा नाही. ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे, काळी माती ओलांडून खालच्या टणक मुरमापर्यंत जायचं आणि तिथून खांब वर आणायचे. स्लॅबमध्ये सळ्यांच्या चौकोनांत जुनी कौलं बसवायची. तेवढं काँक्रीट वाचतं, घरही थंड राहतं. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. फक्त प्रत्येक खड्डा मुरमावर टेकला पाहिजे आणि कौलं आधी पाण्यात पुरती भिजली पाहिजेत, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषतात आणि सुटून येतात. — बघा, अजून मी टाळतोच आहे.

पाचोडजवळच्या एका गावात सुशीलाताईंचं घर बांधत होतो. अंगणवाडीत काम करणारी बाई, नवरा गेलेला, पदरात दोन मुली. मिस्त्री दादाराव, माझ्या सगळ्या घरांचा मिस्त्री. कौलांचा स्लॅब त्याच्यासारखा कुणाला जमायचा नाही. पायाच्या पूजेला जमलेल्या पाहुण्यांपुढे मी छाती फुगवून सांगितलं, या जागेत चार फुटांवर मुरूम लागतोच. बाकीच्या खड्ड्यांत लागलाही होता. ईशान्येच्या खड्ड्यात मी वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. त्यातच पूजा झाली. कलश, नारळ, हळदकुंकू सगळं आत ठेवलं. पाहुणे जेवायला बसले, तेव्हा दादारावनं कडेनं पहार मारून बघितली. पहार सरळ आत गेली.

“साहेब, इथं अजून काळीच हाय. दोन हात खाली जावं लागंल.”

म्हणजे पूजा उचलावी लागली असती. सुशीलाताईंना सांगावं लागलं असतं, की ताई, माझं चुकलं, आधी बघायला हवं होतं. समजूतदार बाई, त्यांनी दुसरा नारळ आणला असता. पण पाहुण्यांपुढे माझं तोंड पडलं असतं ना! मी म्हणालो, पूजेच्या खड्ड्याला आता हात लावायचा नाही, भरून टाक. देवाला पुढे केलं. दादाराव बौद्ध. अख्ख्या गावासमोर पूजा उकरायचा हट्ट तो कोणत्या तोंडानं धरणार? — हे मला माहीत होतं. त्याचाच मी फायदा घेतला.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिसऱ्या उन्हाळ्यात तो कोपरा खचला. खिडकीपासून भेग निघाली ती थेट स्लॅबला भिडली, बोट जाईल एवढी. सुशीलाताईंनी आम्हा दोघांना बोलावलं. अर्धं गाव अंगणात जमलेलं. मी वर बघितलं. खाली बघायची हिंमतच झाली नाही. आणि म्हणालो, कौलं नीट भिजवली नसतील.

इतक्या पटकन कसं सुचलं मला?

दादाराव शेजारीच उभा होता. “साहेब, कौलं भिजत घातली तवा हौदात हात घालून तुमीच बघितलं व्हतं ना?”

मी म्हणालो, मला तसं काही आठवत नाही.

त्या खड्ड्याचं नाव त्यानं काढलं नाही. काढलं असतं तरी माझ्यापुढे त्याचं कोण ऐकणार होतं?

त्यानंतर त्या भागात दादारावला कुणी स्लॅबचं काम दिलं नाही. मीही दिलं नाही — दिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. आता तो वाळूजला एका साइटवर वॉचमन आहे. मी त्या रस्त्यानं गाडी नेत नाही.

यंदा सुशीलाताईंनी पोटाला चिमटा घेऊन तो स्लॅब फोडला आणि साधा, बिनकौलांचा टाकून घेतला. फोडताना मी तिथं होतो. कौलं काँक्रीटला घट्ट धरून होती. हातोड्यानंही सुटत नव्हती. मी ती बघितली आणि गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “साहेब, नव्या स्लॅबलाबी भेग आली. आता काय करू वं? पोरींना त्या खोलीत झोपवू का नको?”

नको, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. का नको, ते सांगितलं नाही. तो कोपरा अजून खचतोय, आणि वर दुसरा, तिसरा, कितीही स्लॅब टाकले तरी खचतच राहणार आहे.

ईशान्येच्या खड्ड्याखाली मुरूम नाही. दादारावनं मला सांगितलं होतं. आणि कौलं पुरती भिजलेली होती. मी हौदात हात घालून बघितलं होतं.