भिंतीला केलेला मुजरा

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा एकदा तरी दंडार, तिथली नाच-गाण्याची लोककला, बघायची, असं मी वर्षानुवर्षं नुसतं बोलतच होतो. यंदा नागपूरहून निघालोच. गोंदियाला स्टेशनबाहेर पोहा-चना खाल्ला, अर्जुनी मोरगावची पॅसेंजर पकडली, पुढे दंडारीच्या गावापर्यंत माणशी तीस रुपयांत शेअर ऑटो. रस्ता धानाच्या शेतांमधून जातो, बरा आहे. परतीची शेवटची गाडी मात्र आधीच विचारून ठेवा.

दंडारीला मदत मिळावी म्हणून गावाने सरकारकडे कितीदा अर्ज केले होते. अखेर मिळाला पक्का रंगमंच. तीन बाजूंनी भिंती, वर टिनाचं छप्पर, दर्शनी भागावर निधीची पाटी. बांधला नेमका त्याच पटांगणात, जिथे लोक चहूबाजूंनी बसून दंडार बघत.

दंडारीचे म्होरके टेकचंदभाऊ, वय सत्तरीचं, घुंगरू बांधत बसले होते. इथे खेळाआधी चार दिशांना चार मुजरे करतात, कारण चारी बाजूंना माणसं असतात. यंदा त्यातले तीन भिंतींना जाणार, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

"मग खालीच नाचा ना," मी म्हटलं.

"जागा उरली कुठं? सरकारनं देलं, वाईट नाही देलं जी. पानी आला तं छप्पर आहे. पन भिंती बांधाच्या पयले आमाले कोनं इचारलं नाही."

दुपारी ढोलकी वाजली. भाऊंनी समोर मुजरा केला, टाळ्या पडल्या. उजवीकडे वळले, भिंत. डावीकडे, भिंत. शेवटी आमच्याकडे पाठ करून मागच्या भिंतीपुढे इतका वेळ वाकून राहिले की कोणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा राग आला, आणि समोरचं बघवेनाही.

उठून रंगमंचामागे गेलो. तिथे सात-आठ म्हाताऱ्या भिंतीला टेकून शिंगाडे सोलत बसल्या होत्या.

"आजी, इथून काय दिसतं?"

"काहीच नाही दिसत बाबू. पन बायांची बाजू हेच होय. आमी उठलो तं तो मुजरा कोनाले करल?"

खेळ संपल्यावर टेकचंदभाऊ घाम पुसत थेट त्या बायांपाशीच आले.

"समजलं काय?"

"समजलं," आजी म्हणाली. "घुंगरू भिंतीपाशी आले, तवाच हात जोडले."

भाऊ तिने दिलेला शिंगाडा हातात धरून तिथेच बसले.

घरी येऊन फोटो पाहिले. रंगमंच, पाटी, टाळ्या वाजवणारी माणसं, सगळं छान आलंय. सरकारला नावं ठेवायलाच हे लिहायला बसलो होतो. पण माझेही सगळे फोटो समोरूनच काढलेले. त्या बायांचा एकही नाही.