भाड्याच्या खोलीतली घरमालकीण

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधांच्या दुकानात बाई शिरल्या की दुकानदार काउंटरवरूनच म्हणायचा, "या घरमालकीणबाई. आज कुणाला घराबाहेर काढताय?" रांगेतली माणसं वळून बघायची, कुणीतरी लगेच फोन वर धरायचं, आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईंना उगाच केसांवरून हात फिरवावा लागायचा.

आता खरं सांगायचं तर या घरमालकीणबाईंच्या मालकीची एक वीटसुद्धा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. खरा घरमालक खाली राहायचा, आणि तो बिचारा जिन्यात बाई दिसल्या की अंग चोरून वाट द्यायचा. फोनवर त्यांच्या मालिकेचे भाग बघून बघून त्याची पाचावर धारण बसली होती. प्रसिद्धी प्रसिद्धी म्हणतात ती हीच, दुसरं काय.

बाईंची उमेदीची सगळी वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीत गेली. काम काय, तर नायिकेची मैत्रीण, नायकाची आत्या, चहाचा ट्रे घेऊन येणारी शेजारीण. वाक्यं मोजकी, पण त्यातलं एखादं तरी हशा घेऊन जायचं. त्याच कंपनीत दिवे सांभाळणारा माणूस त्यांचा नवरा झाला. तो विंगेत बटणांपाशी उभा असायचा, आणि बाईंचं वाक्य पडलं की सगळ्यात आधी तो हसायचा. शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य, तरी हसायचाच. ते हसू म्हणजे नळाला पाणी येण्याआधी हवा सुटते ना, तसं. आधी नुसती खुरखुर, मग धो धो. पहिल्या रांगेला ते ऐकू जायचं, ती हसायची, मग तिच्या मागची. आणि बाई मान जराशी विंगेकडे कलवून थांबायच्या. हशा ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही, नाहीतर ते वाया जातं. नाटकातल्या माणसाच्या हे हाडीमाशी खिळलेलं असतं.

पुढे कंपनी बंद पडली. नवऱ्याने जिन्याखाली पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान थाटलं. बाई एका शाळेत मुलांची नाटकं बसवायला जाऊ लागल्या. तसं काही वाईट चाललं नव्हतं. पण एवढी वर्षं तोंडाला रंग लावला आणि गोष्ट कधी आपली झाली नाही, ही सल होती. बाई ती मनात वगैरे ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. भांडी घासताना रोज बोलून दाखवायच्या. नवरा हं हं करायचा आणि स्क्रू शोधायचा.

अशात धाकट्या बहिणीची मुलगी डोक्यात खूळ घेऊन आली. तिला मालिका काढायची होती, फोनवर चित्रित करायची आणि इंटरनेटवर टाकायची. एकेक भाग कपभर चहा संपेपर्यंत संपणारा.

"मावशी, तुझी बाहेरची खोली दे मला," ती म्हणाली, "आणि तूसुद्धा हवीस."

गोष्ट होती एका खडूस घरमालकिणीची आणि तिच्या भाडेकरूंची. भाडेकरू म्हणजे भाचीचेच मित्रमैत्रिणी. उजेडाचं काम अर्थातच काकांकडे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे. ते दुकानातला टेबललँप घेऊन आले, त्याला पातळ कागद डकवला आणि फोनच्या डाव्या अंगाला दिवा हातात धरून उभे राहिले. भाची म्हणाली, स्टँडवर ठेवा, हात दुखतील. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "स्टँडला काय कळतंय माणूस कुठे वळणार ते," एवढंच म्हणाले.

पहिल्याच दिवशी एक भाडेकरू तक्रार घेऊन आला. "बाई, भिंतीला ओल आलीय."

"आली तर आली," घरमालकीण म्हणाली. "तिचं वेगळं भाडं मागितलंय का मी?"

आणि वाक्य टाकून बाई थांबल्या. समोर माणसं नाहीत, फोन आहे, हे डोक्याला कळत होतं, पण मानेला कोण सांगणार? मान कलली, नजर तिरकी गेली, भुवई वर चढली, ओठ घट्ट मिटले, आणि बाई आरामात उभ्या. भाडेकरूचं काम करणारा गांगरून फोनकडे बघायला लागला.

"मावशी, मध्ये थांबू नकोस गं," भाची म्हणाली.

"नाही थांबत," बाई म्हणाल्या आणि पुढच्या वाक्याला हटकून थांबल्या. दिवसभर हेच. संध्याकाळी भाचीने हात टेकले आणि जसं होतं तसं इंटरनेटवर सोडून दिलं.

लोकांना नेमकं ते थांबणंच आवडलं. घरमालकिणीची ती तिरकी नजर माणसं एकमेकांना पाठवू लागली. साहेबाने काम वाढवलं, पाठव घरमालकीण. नवरा म्हणाला पाच मिनिटांत पोचतो, पाठव घरमालकीण. बघता बघता बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात बाईंना माणसं ओळखू लागली. आणि एक दिवस मालिका काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. घरमालकीण तीच, गोष्ट तीच, पण आता सगळं मोठं. भाची दिग्दर्शकाच्या हाताखाली राहणार होती, आणि बाईंना न्यायला रोज गाडी येणार होती.

बाई हरखून टुम झाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीही चला ना."

"मी येऊन काय करू? तिथे छताला दिवे टांगलेले असतात, मला हात थोडाच लावू देतील. कोपऱ्यात शोभेची कुंडी म्हणून बसू का?"

बाईंनी फार आग्रह केला नाही. खरं तर केलाच नाही. नवी चप्पल चावत होती आणि गाडी खाली येऊन उभी होती.

स्टुडिओत त्यांची बाहेरची खोली जशीच्या तशी उभी केलेली, फक्त तिप्पट मोठी. कपाट तेच, पडद्याचा रंग तोच. भिंतीवरची ओलसुद्धा रंगाऱ्याने हुबेहूब काढली होती. बाई उभ्या राहिल्या, वाक्य फेकलं, थांबल्या, आणि गाडं अडलं. नजर येईना. म्हणजे मान कलायची, भुवई चढायची, सगळं जागच्या जागी. पण ते बघून कुणालाही वाटावं, बाईंच्या डोळ्यात कचरा गेलाय. दिग्दर्शक भला माणूस. त्याने डाव्या बाजूच्या खांबाला लाल चिकटपट्टी लावून दिली. "ताई, वाक्य झालं की इथे बघा, आणि सावकाश मनातल्या मनात आकडे म्हणा." बाईंनी आकडे म्हटले. आकडे म्हणताना ओठ हलत होते.

दुसरा दिवसही तसाच गेला. मेकअपच्या खोलीत बसलेल्या असताना बाईंना पार्टिशनपलीकडून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. "फोनवर जमून गेलं असेल हो. उद्यापर्यंत बघू, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल."  आयुष्यात एकदाच गोष्ट आपली झाली होती, आणि ती अशी हातची निघाली होती.

सकाळी भाची घरीच आली, गाडी यायच्या आधी. नवरा खाली दुकानात होता. भाचीने लॅपटॉप उघडला आणि मावशीच्या कानाला हेडफोन लावले.

"जुना पहिला भाग आहे हा. लोकांना दाखवला तो नाही, मुळातला. नीट ऐक."

बाई ऐकू लागल्या. ओलीचं वाक्य झालं, आणि मागून हलकीशी खुरखुर आली. मग फुसफुस. दाबून धरलेलं, पण हसूच. ते संपलं, आणि त्याच क्षणी बाईंचं पुढचं वाक्य.

"सगळ्या भागांत आहे," भाची म्हणाली. "दिवा धरून काका हसायचे. मी बसून बसून ते हसणं पुसून टाकलं. थांबणं कसं पुसणार? तू उगाच थांबत नव्हतीस मावशी, त्यांचं हसून व्हायची वाट बघायचीस. आता त्या चिकटपट्टीला हसू येत नाही, त्याला तू काय करशील?"

बाईंनी हेडफोन काढले. नवरा शेजारी हसतो हे काय त्यांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. घरातला पंखा फिरतो हेही माणसाला माहीत असतं, पण त्याचा आवाज कोण ऐकत बसतं? बाईंना स्वतःचाच राग आला आणि नवऱ्याची अशी काही माया दाटून आली की त्या तशाच अनवाणी जिना उतरून खाली गेल्या.

नवऱ्याच्या पुढ्यात कुणाचा तरी मिक्सर उघडा पडला होता.

"आज माझ्याबरोबर चला," बाई म्हणाल्या.

"दिवे?"

"दिव्याला हात लावायचा नाही. हसायला या."

नवऱ्याने चष्म्यावरून बघितलं. बाईंनी सगळं सांगितलं, पार्टिशनपलीकडचं बोलणंसुद्धा. एरवी त्यांनी ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं.  मग नवऱ्याने मिक्सरवर फडकं टाकलं आणि म्हणाला, "शर्ट कुठला घालू?"

स्टुडिओत भाचीने दिग्दर्शकाच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, पण चिकटपट्टीच्या खांबापाशी एक स्टूल आलं. आवाज नोंदवणाऱ्याने काकांना बजावलं, "हसू आलं तर तोंडात रुमाल धरा." काकांनी रुमाल काढून तयारच ठेवला. छताकडे एकदा बघून घेतलं, एक दिवा जास्तच भगभगीत आहे असं पुटपुटले, आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"भिंतीला ओल आलीय, बाई."

"आली तर आली. तिचं वेगळं भाडं मागितलंय का मी?"

बाईंची मान कलली. स्टुलाकडे नजर गेली. आणि नवरा हसेना.

बाई थांबल्या. खुरखुर नाही, काही नाही. रुमाल हातात तसाच. नवरा आपला बघतोय. बाईंची भुवई आणखी वर चढली. अहो, हसा ना. ओठ मिटले, गाल आत गेले. एवढं आणलं ते कशाला? आधी नजरेत रुबाब होता, मग नुसता राग, मग अगदी विनवणी, आणि तरी बाई जागच्या हलल्या नाहीत, कारण हशा आल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. दिग्दर्शकसुद्धा कट म्हणेना. शेवटी भाडेकरूलाच राहवलं नाही, तो फिस्सकन हसला, आणि मग अख्खा स्टुडिओ. कॅमेरा धरणारा डोळे पुसत होता. दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला, "ताई, हेच. हेच हवं होतं." आता दुसरी बाई शोधायची भाषा कुणी करणार नव्हतं, हे बाईंना त्या आवाजावरूनच कळलं. जीव भांड्यात पडला.

पण त्या तडक स्टुलापाशी गेल्या. "सगळे हसले, तुम्ही तेवढे ठोंब्यासारखे बसलात. हसायला आणलं होतं ना?"

"राहूनच गेलं गं," नवरा म्हणाला.

"राहून गेलं म्हणजे?"

त्याने रुमालाने चष्मा पुसायला घेतला. "कंपनीत मी हसलो नाही तर लोक हसतील की नाही, याची धास्ती असायची. घरी हातात दिवा, तो हलला तर, ही धास्ती. तेव्हा हसायचो, पण अर्धं लक्ष कामात. आज हाताला कामच नव्हतं. नुसता बसून तुझं काम बघितलं, तिकीट काढून आल्यासारखं." चष्मा पुसून झाला तरी तो पुसतच होता. "फार चांगली आहेस गं तू. बघतच राहिलो."

  बाईंना इतकं बरं वाटलं की मेकअपवाली धावत येऊन म्हणाली, ताई, डोळे पुसू नका, काजळ पसरेल. मागून दिग्दर्शकाने हाक दिली, आणखी एकदा घेऊ या, आवाजासाठी.

बाई आपल्या जागेवर जायला वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "या वेळी तरी हसा."

"हसव मग," नवरा म्हणाला.